खोलवरची वस्तू की वरवरचा बारीक कचरा? मेटल डिटेक्टरचा क्षीण सिग्नल कसा पारखावा

मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना खणखणीत आवाज आला की निर्णय सोपा असतो. खरी फसगत करतो तो क्षीण आवाज. असा आवाज वीतभर खोल गेलेल्या नाण्याचा असू शकतो, तसाच गवताच्या मुळांत अडकलेल्या नखाएवढ्या चंदेरी कागदाच्या कपट्याचाही असू शकतो. पडद्यावरचा खोलीचा आकडा दोन्ही वेळा २० सेंटिमीटर दाखवू शकतो आणि तो यंत्राचा बिघाड नव्हे. यंत्राला खोली मोजताच येत नाही. परत आलेला सिग्नल किती जोरकस आहे एवढेच त्याला कळते आणि खाली नाण्याएवढी वस्तू आहे असे गृहीत धरून तो जोर खोलीच्या आकड्यात मांडला जातो. त्यामुळे नाण्याहून लहान वस्तू आहे त्यापेक्षा खोल दिसते आणि मोठी वस्तू आहे त्यापेक्षा उथळ दिसते.

सिग्नल क्षीण असण्याची प्रमुख कारणे दोन: वस्तू लांब आहे, किंवा वस्तू लहान आहे. एकाच उंचीवरून कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेढ्यांची चकती, कितीही वेळ फिरवली तरी या दोन कारणांची पुरती फारकत होत नाही. कॉइल आणि वस्तू यांच्यातले अंतर आपण मुद्दाम बदलतो तेव्हाच ती होते. कॉइलच्या व्यासाच्या मानाने बऱ्याच लांब असलेल्या लहान वस्तूपासूनचे अंतर दुप्पट झाले, की तिचा सिग्नल सुमारे ६४ पटींनी घटतो, कारण कॉइलचे चुंबकीय क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरळ होते आणि वस्तूत निर्माण झालेल्या प्रवाहांचे क्षेत्र वर येतानाही तसेच विरळ होते. खोल वस्तूवरची दोन-तीन बोटे माती कमी झाली तरी आवाज जाड होतो, तो यामुळेच. पुढच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

परीक्षेआधी यंत्र नीट लावून घ्यावे. काही यंत्रांत क्षीण आणि जोरदार सिग्नल सारख्याच मोठ्या आवाजात ऐकवण्याची सोय असते. ती चालू असेल तर खोल-उथळ हा भेद कानाला कळतच नाही, म्हणून आवाज सिग्नलच्या जोरानुसार लहान-मोठा होईल अशीच मांडणी निवडावी. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा सिग्नल वजा करण्याची जुळवणी, त्या जागेच्या मातीवर करावा आणि हेडफोन लावावा. कॉइल जमिनीला समांतर, शक्य तितकी जवळ आणि सावकाश फिरवावी. हाताच्या झोक्याबरोबर दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाण्याची सवय अनेकांना असते आणि खोलवरचे सिग्नल निसटतात ते बहुधा तिथेच.

आता आवाजाच्या कडा ऐकाव्यात. खोल वस्तूचा आवाज हळूच उगवतो, मध्यावर भरतो आणि तसाच हळूच मावळतो. उथळ वस्तूचा आवाज बहुधा चटकन सुरू होऊन चटकन तुटतो. डीडी प्रकारच्या (इंग्रजी D आकाराचे दोन वेढे एकमेकांवर थोडे चढवलेल्या) कॉइलखाली तर अगदी पृष्ठभागाजवळची वस्तू एकाच फेरीत दोन-दोन, तीन-तीन तुटक टिकटिक देते, कारण तारांचे वेढे तिच्या अगदी जवळून एकामागून एक सरकतात. कॉइलच्या रुंदीपेक्षाही लांब पसरणारा, कडा न सापडणारा आवाज आला तर खाली मोठी वस्तू आहे असे समजावे. तोच आवाज सरळ रेषेत दूरवर जात असेल तर ती पाइप किंवा केबल असण्याची शक्यता फार असते आणि तिथे खोदू नये.

कानाचा अंदाज झाला की कॉइल चार बोटे वर उचलून पुन्हा फिरवावी. कपटा, बारीक तार किंवा शिशाचा छर्रा यांचा सिग्नल मुळात काही सेंटिमीटरच पोहोचत असल्याने तो एकदम नाहीसा होतो. मोठी आणि खोल वस्तू वीतभर उचलल्यावरही बोलत राहते. मात्र या परीक्षेवर निम्माच भरवसा ठेवावा असे माझे मत आहे. यंत्राच्या पल्ल्याच्या अगदी टोकाशी असलेले लहान नाणेही चार बोटे उचलल्यावर गप्प होते आणि नवशिके नेमके तेच नाणे कचरा समजून सोडून देतात. उचलल्यावर सिग्नल टिकला तर ती बातमी पक्की मानावी. नाहीसा झाला तर निकाल अजून लागलेला नाही असे समजावे.

तो निकाल लावण्यासाठी माती खरवडण्याइतकी खात्रीची दुसरी पद्धत मला माहीत नाही. मोकळ्या किंवा नांगरलेल्या जमिनीवर सिग्नलचा मध्य नीट हेरून ठेवावा, बुटाच्या टाचेने किंवा खुरप्याने वरची दोन-तीन बोटे माती एका बाजूला ओढावी आणि कॉइल पुन्हा त्याच खळग्यावरून, तितक्याच जवळून न्यावी. आवाज त्याच जागी राहून भरदार झाला असेल तर वस्तू खाली आहे, खोदत जावे. आवाज खळग्यातून गेला आणि ओढलेल्या मातीत हातभर अंतरावर ऐकू येऊ लागला, तर वस्तू वरच होती. ती माती मूठ-मूठ उचलून कॉइलवरून फिरवली, की शेवटी तळहातावर ढेकळाचा चुरा उरतो आणि त्यात गव्हाच्या दाण्याएवढी, चुरगळलेली ॲल्युमिनियमची गोळी असते. मिनिटभरापूर्वी हीच गोळी २० सेंटिमीटरवरचे नाणे म्हणून मिरवत होती. तिसरी शक्यता अशी की आवाज खळग्यातही नाही आणि ओढलेल्या मातीतही नाही. त्या वेळी तो बहुधा खनिजयुक्त मातीचाच गोंगाट असतो; ग्राउंड बॅलन्स पुन्हा करावा.

हिरवळीवर असे खरवडता येत नाही. तिथे पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा, कांडीसारखा डिटेक्टर, कामाला येतो. नाण्याएवढ्या वस्तूसाठी त्याचा पल्ला साधारणपणे काही सेंटिमीटरच असतो आणि इथे ही मर्यादाच उपयोगी पडते: गवत न कापता टोक जमिनीवर टेकवून फिरवले आणि तो वाजला, तर वस्तू वरच्या थरात आहे हे तिथेच ठरते. तो गप्प राहिला आणि मोठ्या यंत्राचा आवाज मात्र कॉइल उभी-आडवी अशा दोन्ही दिशांनी फिरवूनही येत असेल, तर वस्तू खोल असण्याची शक्यता बळावते.

फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर तीही एक साक्ष आहे. पातळ फॉइल आणि बारीक तुकडे ४० किलोहर्ट्झच्या आसपास अधिक स्पष्ट बोलतात, तर जाड, उत्तम वाहक धातूची नाणी ५ किलोहर्ट्झच्या आसपास. वरच्या फ्रिक्वेन्सीवर उसळणारा आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर विझणारा सिग्नल बारीक वस्तूकडे बोट दाखवतो; मात्र सोन्याची बारीक साखळीही अशीच वागते, हे लक्षात ठेवावे. पल्स इंडक्शन यंत्रात (जे अखंड लहरींऐवजी तुटक झटके सोडते) पल्स डिले, म्हणजे झटका थांबल्यापासून यंत्र ऐकू लागेपर्यंतचा वेळ, वाढवून हेच साधते, कारण पातळ वस्तूतले प्रवाह लवकर विरतात.

पडद्यावरच्या ओळख-क्रमांकाला (धातूचा प्रकार सुचवणाऱ्या आकड्याला) खोलवरच्या वस्तूंच्या बाबतीत फार मान देऊ नये. मातीचा सिग्नल वस्तूच्या सिग्नलमध्ये मिसळल्याने आकडा डोलतो आणि खनिजयुक्त जमिनीत चांगले नाणेही लोखंडाच्या बाजूला घसरते. त्यापेक्षा स्वतः ९० अंशांनी वळून त्याच जागेवरून कॉइल फिरवावी. सपाट पडलेले गोल नाणे दोन्ही दिशांनी, त्याच मध्यावर, सारखेच बोलते. खिळा एका दिशेने गोड सूर देतो आणि वळल्यावर त्याचा सूर तुटतो किंवा मध्य बाजूला सरकतो.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. वरचा कचरा आपल्याला नुसती हुलकावणी देत नाही, तो खालच्या वस्तूला झाकूनही टाकतो. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वाचे यंत्र वापरले होते. शोध शरीराच्या चुकीच्या बाजूला चालला होता आणि त्यातच बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळात भर घातली. गोळी सापडली नाही. म्हणून एकदा बारीक तुकडा वर काढला की ‘कचराच होता’ म्हणून पुढे निघून जाऊ नये. काढलेली माती दूर सारावी, सेन्सिटिव्हिटी जमीन सोसेल तेवढी वाढवावी आणि मोकळ्या झालेल्या खळग्यावरून कॉइल पुन्हा दोन्ही दिशांनी सावकाश न्यावी. आता काहीच ऐकू आले नाही, तरच खळगा बुजवून माती दाबावी.