१ ऑगस्टच्या भाषणाची तयारी

जुलैमध्ये सूचनाफलकावर वक्तृत्व स्पर्धेचा कागद लागला, की पालक आधी तयार भाषण शोधायला धावतात. ते राहू द्या. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी असते आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. टिळक की अण्णा भाऊ, हे मुलाला ठरवू द्या. टिळक घेतले तर शेंगा-टरफलांची गोष्ट टाळा. त्या दिवशी परीक्षकांनी ती इतक्यांदा ऐकलेली असते, की तोवर गुणही ठरून गेलेले असतात. त्यापेक्षा १९०८ची शिक्षा, मंडालेचा तुरुंग आणि तिथे लिहिलेलं ‘गीतारहस्य’ घ्या. अण्णा भाऊ घेतले तर वाटेगाव ते मुंबई, गिरणी, शाहिरी, ‘फकिरा’ कादंबरी असा धागा पकडा. एकाच प्रसंगावर रेंगाळलं तरी चालेल.

मग लिहायच्या आधी तो प्रसंग मुलाला घरच्या बोलीत, जेवताना, आजीला सांगायला लावा. आजी मध्येच ‘मग काय झालं?’ विचारते तिथे भाषणाचा जीव असतो. तेवढं झालं की कागद घ्या. तीन मिनिटांना तीनशे शब्द भरपूर. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं, मधल्या भागाचे चार-पाच शब्द चिठ्ठीवर. सगळं पाठ केलेलं मूल एक शब्द निसटला की पुन्हा ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू करतं, मुद्दे माहीत असलेलं पुढे सरकतं. ‘आपण शांत चित्ताने ऐकून घ्याल’ ही विनंतीही वगळा, त्यात वेळ जातो आणि कोणी शांत होत नाही.

उच्चारांसाठी ‘जन्मसिद्ध’सारखे जोडशब्द सावकाश, मोठ्याने म्हणून घ्या. ण-न, ळ-ल सुधारायचे तर भाषण पूर्ण झाल्यावर. मध्ये टोकलं की आवाज बसतो तो बसतोच. शिकवलेले हातवारे नकोत. हात मोकळे सोडले की ते आपोआप हलतात.

शेवटच्या आठवड्यात एकदा तरी शाळेच्या खऱ्या माइकवर उभं करा. माइक तोंडापासून वीतभर लांब, उंची आधी कोणाकडून तरी नीट करून घ्यायची, फुंकर मारून तपासायचा नाही. इशाऱ्याची घंटा वाजली तर मधला एक मुद्दा सोडून थेट शेवटच्या वाक्यावर यायचं, याचाही सराव घंटा वाजवूनच करा. स्पर्धेच्या दिवशी पाण्याची बाटली, चिठ्ठी आणि खिशात रुमाल. क्रमांक उशिरा आला तर वाट पाहताना भाषण घोकू देऊ नका, आधीच्यांची भाषणं ऐकू द्या.