ऐतिहासिक राजकीय चित्रपटाचं परीक्षण: ‘लिंकन’च्या निमित्ताने

‘लिंकन’ (२०१२) पाहायला बसणाऱ्याला गुलामगिरी रद्द होणार हे आधीच ठाऊक असतं. म्हणून कथानक चार-पाच ओळींत उरका. जागा ठेवा ती गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी अमेरिकी प्रतिनिधिगृहात मतं कशी जुळवली गेली यासाठी.

चित्रपट दोनदा पाहा. पहिल्यांदा वही बाजूला असू द्या. दुसऱ्यांदा प्रसंगाची वेळ टिपा आणि समोर तीन रकाने भरा: कोणाला काय हवंय, त्याच्या हातात काय आहे, प्रसंग संपताना काय बदललं. तिसरा रकाना कोरा राहिला, तर बहुधा ती नुसती भाषणबाजी.

सगळा इतिहास तपासत बसू नका. ज्या दाव्यांवर चित्रपट उभा आहे तेवढेच घ्या. इथे मतदान. ३१ जानेवारी १८६५, ११९ विरुद्ध ५६, हा आकडा बरोबर. पण कनेक्टिकटचे दोन सदस्य विरोधात मत देताना दिसतात. प्रत्यक्षात त्या राज्याच्या चारही सदस्यांनी बाजूने मत दिलं होतं. चूक नोंदवा आणि पुढे चला, कारण निकाल बदलत नाही, ताण तेवढा वाढतो. त्याहून गंभीर आहे ते गाळलेलं. गुलामगिरीविरोधी लढ्यातले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस चित्रपटात कुठेच नाहीत. लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवणाऱ्या, स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या एलिझाबेथ केक्ली आहेत, पण मुक्त झालेल्यांसाठी त्यांनी १८६२ मध्ये मदतसंस्था उभी केली होती, तो विषय निघत नाही. मग मुक्ती ही गोऱ्या पुढाऱ्यांनी दिलेली देणगी वाटू लागते. परीक्षणात हे यायलाच हवं.

अभिनयाकडे वळताना चेहऱ्याचं साम्य बाजूला ठेवा. त्याचं बरंचसं श्रेय रंगभूषेचं. आवाज ऐका. लिंकन यांचा आवाज उंच, किनरा होता असं समकालीनांनी लिहून ठेवलंय आणि डॅनियल डे-लुईस यांनी तोच सूर धरलाय. खर्जाची अपेक्षा असणाऱ्याला तो सुरुवातीला खटकतो, पण पुतळ्यातला माणूस त्यानेच जागा होतो.

गुलामगिरीचे कट्टर विरोधक खासदार थॅडियस स्टीव्हन्स यांच्या भूमिकेतल्या टॉमी ली जोन्स यांचा सभागृहातला प्रसंग तर आवाज बंद करूनही पाहा. सगळी माणसं सर्वार्थाने समान आहेत, असं स्टीव्हन्स यांच्याकडून वदवून घ्यायला विरोधक टपलेत. मतं फुटू नयेत म्हणून ते ‘कायद्यापुढे समानता’ एवढ्यावरच थांबतात. विरोधक डिवचत असताना नजर कुठे जाते, उत्तराआधी किती थांबतात, हे लिहा. मग ‘भूमिका जगले’ असं लिहावं लागत नाही.

डब केलेली आवृत्ती पाहिली असेल, तर आवाजावर मत देऊ नका. सबटायटल लावून मूळ इंग्रजी ऐका.