हंगेरियन 'कोपोग' शिकताना या चुका टाळा

हंगेरियन शिकायला घेतलं की 'कोपोग' हे क्रियापद लवकरच भेटतं. आपण वहीत अर्थ लिहितो 'दार ठोठावणे', आणि तिथेच फसतो. हे मुळात आवाजाचं नाव आहे. बोटाचं पेर लाकडावर आपटून पाहा. तो 'कोप्' ऐकू येतो, त्याला '-ओग' प्रत्यय लागला की झालं कोपोग. म्हणूनच खिडकीवरचा पाऊस, फरशीवरच्या टाचा, झाडावरचा सुतारपक्षी या सगळ्यांना ते चालतं. वहीत 'टकटक होणे, टकटक करणे' असं लिहा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो कोपोग आणि 'कोप्पॉन' यांत. खरं तर मराठी माणसाचा इथे गोंधळ व्हायलाच नको. टकटक आणि टक्कन यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागतो का? कोपोग म्हणजे टकटक, पुन्हा पुन्हा. कोप्पॉन म्हणजे टक्कन, एकदाच. 'चेपेग' म्हणजे टपटप गळणं, 'चेप्पेन' म्हणजे टपकन एक थेंब पडणं. मात्र प्रत्यय मनाने लावू नका. शब्दाच्या मुळात 'ओ'सारखा मागचा, म्हणजे जीभ मागे घेऊन उच्चारायचा स्वर असेल तर -ओग, -ऑन. 'ए'सारखा पुढचा, म्हणजे जीभ पुढे आणून उच्चारायचा असेल तर -एग, -एन. 'कोपेग' असं काही होत नाही.

उच्चारात जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. मुद्दाम दार ठोठावण्यासाठीचं 'कोपोगटॉट' बोलताना 'ट'पुढे 'ग'चा 'क' होतो: कोपोक्टॉट.

आवाज जुळतो म्हणून शब्दांचं नातं जोडू नका. हंगेरियन युरालिक कुळातली, मराठी इंडो-आर्य. टकटक आणि कोपोग यांचा उगम एकच नाही. दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या कानांनी ऐकलेले ते आवाज आहेत.

वाक्प्रचार शब्दशः घेतलात तर अर्थ हातचा जाईल. 'कोपोग ऑ सेमे', म्हणजे शब्दशः 'त्याचे डोळे टकटकतात'. मराठीत आपण म्हणू, पोटात कावळे ओरडतायत. आणि 'पोरं यंदा आजारी पडली नाहीत' असं म्हणून कुणी लगेच टेबलाचं लाकूड वाजवत 'लेकोपोगोम' म्हणालं, तर त्याचा अर्थ आहे: दृष्ट न लागो.