बदलीची नोकरी आणि भरलेलं कपाट: या चुका टाळा

राज्य सरकारी नोकरीत बदल्या सहसा एप्रिल-मेमध्ये निघतात आणि एका जागी साधारण 3 वर्षं धरली जातात. म्हणजे दर खेपेला सामान हलतं ते पावसाच्या तोंडावर. कपडे खराब होतात ते यामुळेच.

पहिली चूक, ट्रक दारात आल्यावर छाटणी करणं. त्या गडबडीत प्रत्येक कपड्याला ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हटलं जातं. आदेशाची वाट न बघता होळी झाली की कपाट रिकामं करा. मागच्या बदलीत बांधलेलं एखादं गाठोडं अजून तसंच असेल, तर त्यातलं बहुतेक काही लागणारं नाही. मात्र न उघडता देऊन टाकू नका. घड्यांत दागिने, पावत्या, दाखले निघतात.

दुसरी चूक, आत्ताच्या गावाच्या हवेवर निवड करणं. चंद्रपूरहून रत्नागिरीला जाताय? जुलैत तिथे जाड जीन्स दोन-दोन दिवस ओलसर राहते आणि तिला कुबट वास येतो. माणशी एकच ठेवा, बाकी पटकन वाळणाऱ्या पातळ पँटी. उलट, कोकणातून विदर्भात जाताना सिंथेटिक कपडे कमी करा. मेच्या उन्हात ते अंगावर सहन होत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान रेशमाचं होतं. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली की आत दमटपणा कोंडतो, जरीचा काठ काळा पडतो, बुरशीचे ठिपके येतात. डांबराच्या गोळ्या थेट घडीत टाकल्या तर डागही पडतात. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. त्याआधी सावलीत दोन-तीन तास वारा लागू द्या, कडक उन्हात नको. घडी दर तीन महिन्यांनी बदला, नाहीतर जरीच्या काठावर मोडीची रेघ पडते आणि साडी तिथेच फाटते. कडुनिंबाचा पाला वापरायचा तर पूर्ण वाळलेला, कापडी पुरचुंडीत. ओल्या पाल्याचे डाग निघत नाहीत.

खळ घातलेले सुती कपडे तसेच बांधू नका. खळीवर कसर लागते. साध्या पाण्यातून काढून खडखडीत वाळवा. इस्त्रीचा गरम कपडा लगेच पेटीत घातला तर आत वाफ धरते. तो आधी निवू द्या.

आता अवघड भाग. काही कपडे आपण घालत नाही, तरी सोडवत नाहीत, कारण ते एखाद्या गावातल्या आपल्या जगण्याचे असतात. मुंबईच्या पोस्टिंगमधला कोट तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं खुंटीवर लटकतो. ‘बारीक झाल्यावर घालू’वाल्या पँटीही त्यातल्याच. बारीक झालात तर नवी घ्या, तो आनंद वेगळाच! दोन बदल्यांत एकदाही प्रसंग आला नाही, तो कपडा द्यावा. आठवणींसाठी मात्र माणशी एक पेटी राखा आणि तिच्यात वापराचे कपडे मिसळू नका. दुसऱ्याची पेटी त्याच्या माघारी उपसणं ही तर भांडणाची हमखास सोय. मुलांचं शाळेपासून मित्रांपर्यंत सगळंच बदलत असतं. त्यांचा विटका, आवडता टी-शर्ट या खेपेला राहू द्या.

देतानाही फसगत होते. बोहारणीकडून कपड्यांच्या बदल्यात मोठा टोप घेतला तर ओझं कुठे कमी झालं? जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवायची असेल तर ती इथेच शिवून न्या. नुसतं कापड नेलं की पुढच्या गावी तेही गाठोडंच होतं. शाळेचा गणवेश दाखला काढायला जाल त्याच दिवशी शाळेत देऊन या. पुढच्या गावात त्या रंगाचा गणवेश सहसा चालत नाही.