गाडीची टोइंग कॅपॅसिटी (मागे ट्रेलर ओढायची क्षमता) २००० किलो, मग ट्रेलर २००० किलोचा चालेल का?

बहुतेक वेळा नाही. ब्रोशरमधला तो मोठा आकडा साधारण रिकाम्या गाडीचा, आत एक-दोन माणसं आणि फार तर थोडं सामान एवढंच धरून काढलेला असतो, घरची सगळी मंडळी आणि गच्च भरलेली डिकी त्यात धरलेली नसते.

खरे आकडे दाराच्या चौकटीवरच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. जीव्हीडब्ल्यू म्हणजे गाडी, माणसं, सामान, इंधन सगळं धरून कमाल वजन, आणि जीसीडब्ल्यू म्हणजे भरलेली गाडी अधिक भरलेला ट्रेलर मिळून कमाल वजन. ट्रेलरची जीव्हीडब्ल्यू वेगळी, त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं की जे उरतं तेवढाच माल भरायचा.

आता हिशोब करून बघू. समजा जीव्हीडब्ल्यू २५००, जीसीडब्ल्यू ४०००, आणि माणसं-सामान भरून गाडी झाली २४००. म्हणजे ट्रेलरला १६०० उरले, २००० तर इथेच गेले. पण थांबा, ट्रेलरचं थोडं वजन हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा भाग) खाली पडतं आणि ते गाडीच्या वजनात धरतात, १० टक्के धरलं तर १६०० चे १६० किलो, आणि गाडीत जागा उरलीय फक्त १०० ची! म्हणजे हा ट्रेलर १००० किलोच्या वर जाता कामा नये. हा हिचवरचा भार लोक हमखास विसरतात, मला तर सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो.

आणि तो कमी करायला सगळा माल मागे ढकलू नका प्लीज, हिचवरचा भार कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि मग सावरणं फार अवघड. उलट भार जास्त झाला तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नीट लागत नाही. जड सामान ट्रेलरच्या एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) आसपास, किंचित पुढे ठेवा.

हिच, बॉल (हिचवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो), टायर यांच्यावरही लिमिट लिहिलेलं असतं, जे सगळ्यात कमी तेच तुमचं लिमिट.

अंदाजावर जाऊ नका, भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, ट्रेलरमधली पाण्याची टाकी भरली की लगेच फरक पडतो.

कायद्याचं देशागणिक वेगळं आहे, पण लायसन्सचा वर्ग आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कितीपासून लागतात हे दोन्ही आधी बघा. युरोपियन युनियनमध्ये साध्या बी (कारच्या) लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो, त्यापेक्षा मोठा असेल तर गाडी-ट्रेलर मिळून ३५०० च्या आत लागतात, आणि तिथे प्लेटवरचं कमाल वजन धरतात, म्हणजे ट्रेलर रिकामा होता हे सांगून उपयोग नाही.