पाटावरची मालगाडी: मुलांना सोबत घेऊन केळ्याचा थीम केक

वाढदिवसाला कसला केक हवा असे विचारले की मूल बहुतेक वेळा कार्टूनमधले एखादे नाव सांगते. तसा केक करायला सराईत हात लागतो, त्यामुळे सगळे काम मोठी माणसे करतात आणि मूल बाजूला उभे राहून बघते. म्हणून प्रश्न थोडा वेगळा विचारावा: तुला रोज दिसणाऱ्या गोष्टींपैकी कशाचा केक करू या? भुसावळचे मूल रेल्वे म्हणेल, रावेर-यावलकडचे केळीने भरलेला ट्रक, सारंगखेड्याच्या आसपासचे घोडा आणि खेड्यातले कोणतेही मूल बैल. या गोष्टी त्याने जवळून पाहिलेल्या असतात. चाके किती, शिंगे कुठे वळतात, डब्याचे दार कुठे असते, हे तेच तुम्हाला सांगू लागते. केकचा कारभार मुलाच्या हाती जातो तो इथे, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

इथे मालगाडीचा केक सविस्तर देते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना तो छान जमतो, आणि सहा तुकड्यांचा असल्यामुळे तीन-चार मुले भांडणाशिवाय एकत्र काम करू शकतात.

आधी कागद, मग पीठ

पहिल्या दिवशी मुलांना कागद आणि रंगीत खडू द्या. गाडी काढायला सांगा, प्रत्येक डब्यात काय भरले आहे तेही. हे चित्र शेवटपर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवून ठेवायचे. पुढे काही अडले की चित्राला विचारायचे, मोठ्यांनी आपले मत घुसडायचे नाही. डबा जांभळा असेल तर जांभळाच होऊ द्या.

डब्यांत भरायला आपल्या खानदेशात माल भरपूर आहे. सावदा-रावेरच्या स्टेशनांवरून केळी रेल्वेने उत्तरेकडे जात आली आहेत, तेव्हा एक डबा केळ्यांचा. एक कापसाचा. एक नंदुरबारच्या लाल मिरचीचा. आणि एक कोळशाचा, कारण दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा घेऊन जाणाऱ्या गाड्या तिथल्या मुलांनी पाहिलेल्या असतात. कापसासाठी ज्वारीच्या लाह्या, मिरचीसाठी लाल टूटीफ्रूटी, कोळशासाठी चुरलेली चॉकलेट बिस्किटे. केळी आपण वळायची आहेत, त्याचे पुढे सांगते.

केक: आदल्या संध्याकाळी

केळ्याचाच केक करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते बाजूला ठेवले, तरी आपल्याकडे कोणी ना कोणी वानोळा म्हणून एखादी फणी आणून देतेच, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सालीवर काळे डाग पडू लागले की घरात ती कोणी खात नाही. केकला नेमकी तीच लागतात. डागाळलेल्या केळ्यात स्टार्चची साखर झालेली असते, त्यामुळे गोडी आणि वास दोन्ही जास्त. हा केक ओलसर तरी घट्ट होतो आणि कापताना भुगा कमी पडतो. आकार कापायचा असेल तर हलका स्पंज केक निरुपयोगी.

साहित्य: कणीक २०० ग्रॅम, सोलून कुस्करलेली केळी २५० ग्रॅम (मध्यम आकाराची तीन), गुळाची पावडर १२० ग्रॅम, दही १०० ग्रॅम, गोडेतेल ८० मिली, बेकिंग पावडर १ चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची. लागलेच तर दोन-तीन चमचे दूध. चमचा म्हणजे चहाचा.

केळी कुस्करणे हे सर्वांत लहान मुलाचे काम. हात धुऊन सरळ हातानेच कुस्करू द्या. केळ्यात गूळ, दही, तेल घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळा. दुसऱ्या भांड्यात कणीक, बेकिंग पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळून घ्या. चाळण हलवायला मुलांना फार आवडते, खाली वर्तमानपत्र पसरा म्हणजे झाले. मग कोरडे ओल्यात घालून हलक्या हाताने, पीठ दिसेनासे होईपर्यंतच मिसळा. इथे मुलांचा उत्साह आवरावा लागतो, कारण जास्त ढवळले की केक चिवट होतो. केक पिवळा दिसावा म्हणून हळद घालू नका. सोड्याबरोबर हळद लालसर होते आणि केकवर तपकिरी ठिपके उमटतात. कच्चे पीठ चाटू देऊ नका. अंडे नसले तरी कच्च्या कणकेने पोट बिघडू शकते.

साधारण २३ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद असा ब्रेडचा लांबट डबा तेल लावून, तळाला बटर पेपर घालून भरा. ओव्हन १८० अंशांवर गरम करून ४० ते ४५ मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर डबा आत मावेल असे जाड बुडाचे मोठे पातेले घ्या. तळाला दीड वाटी मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवून डबा आत ठेवा आणि मंद आचेवर ५० मिनिटे ते एक तास भाजा. पहिली ४० मिनिटे झाकण उघडायचे नाही. मध्ये सुरी खुपसून कोरडी बाहेर आली की झाले. गॅस, ओव्हन आणि पुढे कापायची सुरी, ही तीन कामे मोठ्यांची. बाकी सगळी मुलांची.

केक पूर्ण गार झाल्यावर डब्यातून काढून रात्रभर झाकून ठेवा. कापण्याआधी तासभर फ्रीजमध्ये ठेवला तर कडा सरळ निघतात.

आपला उन्हाळा आणि क्रीम

मुलांची सुटी एप्रिल-मे मध्ये, मामाच्या गावी पोरांची गर्दीही तेव्हाच, आणि जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तोही तेव्हाच. अशा दिवसांत फेटलेले क्रीम अर्ध्या तासात ओघळते. चॉकलेट तर साधारण ३० ते ३४ अंशांनाच मऊ होऊ लागते, म्हणजे आपल्या घरात ते दुपारी घट्ट होणारच नाही. शहरातल्या एसी खोल्यांत शिकवलेल्या कृती इथे जशाच्या तशा चालत नाहीत, आणि त्यात करणाऱ्याच्या हाताचा काही दोष नसतो.

आपल्याला उपयोगी पडते ते दूधपावडरचे पीठ. दूधपावडर १०० ग्रॅम आणि पिठीसाखर १०० ग्रॅम एकत्र चाळा. त्यात कंडेन्स्ड मिल्क थोडे थोडे घालत मळा, ८० ते १०० ग्रॅम पुरते. लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब घातले की गोडी मारते. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवे. हाताला चिकटले तर दूधपावडर वाढवा, भेगा पडल्या तर तुपाचे बोट लावून मळा. शिजवायचे काही नाही आणि उन्हात वितळतही नाही. उलट आपल्या कोरड्या हवेत लवकर सुकते, म्हणून लागेल तेवढाच गोळा बाहेर काढून बाकीचे हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात मात्र हेच पीठ सुकायला जास्त वेळ घेते आणि चिकट राहते.

रंगासाठी: पिवळ्याला चिमूटभर हळद, गुलाबीला बिटाच्या रसाचे थेंब, तपकिरीला कोको. निळा आणि जांभळा घरच्या जिनसांतून नीट येत नाही, तिथे खायचा रंग काडीच्या टोकाने घ्यावा.

आदल्या रात्रीच तीन गोष्टी वळून ताटलीत सुकत ठेवा: छोटी पिवळी केळी, डब्यांमधल्या जोडकड्या आणि इंजिनाच्या टपावरचा पॅन्टोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा. भुसावळला विजेच्या इंजिनांचे मोठे शेड आहे. तिथल्या मुलांना इंजिनावर धुराडे लावलेले मुळीच पटत नाही आणि ते त्यांचे बरोबरच आहे. पॅन्टोग्राफसाठी पीठ लाटून त्यातून इंग्रजी व्ही आकाराच्या दोन पट्ट्या कापा. रात्रभरात त्या कडक होतात. केळी वळताना एकेकटी न ठेवता पाच-सहा एकत्र चिकटवून फणी करा आणि देठाला कोकोचा ठिपका द्या. शेतकऱ्याच्या घरची मुले याहून पुढे जाऊन घडसुद्धा करतात.

जोडणी: सकाळी सात ते नऊ

उन्हे चढण्याआधी काम आटोपायचे. गाडीसाठी लाकडी पाट उत्तम. लांब असतो, मजबूत असतो आणि दोघांनी दोन्हीकडून उचलता येतो. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवा.

केकचा वरचा फुगवटा सुरीने कापून सपाट करा. मग केक लांबीत मधोमध चिरा आणि दोन्ही पट्ट्यांचे आडवे तीन-तीन तुकडे करा. एक इंजिन, एक गार्डचा डबा आणि मधले चार मालाचे. मालाच्या डब्यांत चमच्याने बोटाच्या पेराएवढा खळगा मुलांनी करायचा. कापलेला फुगवटा आणि कोरलेला चुरा एका वाटीत जमवा.

पाटावर आधी रूळ. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या बोटभर पट्ट्या सारख्या अंतरावर आडव्या मांडल्या की स्लीपर झाले. मधल्या जागेत केकचा चुरा आणि दाण्याचा जाडसर कूट मिसळून पसरा, ती खडी. वरचे रूळ म्हणजे दूधपावडरच्या पिठाच्या लांब वळ्या. मुले हे काम अर्धा तास अगदी मन लावून करतात. त्यांना घाई करू नका.

आता इंजिन. पीठ दोन पोळ्यांच्या जाडीएवढे लाटा. इंजिनाच्या तुकड्याला कंडेन्स्ड मिल्कचा पातळ हात द्या, लाटलेली पोळी वरून घालून बोटांनी बसवा आणि खालचा जादा भाग कापा. खिडक्या, दिवे, गाडीचा नंबर मुलांच्या चित्राप्रमाणे. नंबर बहुधा त्यांच्या वयाचा निघतो. बाकीचे डबे झाकू नयेत असे माझे मत आहे. केळ्याच्या केकचा तपकिरी रंग मालडब्याला शोभतो आणि साखरही आटोक्यात राहते. प्रत्येक डब्याला छोट्या गोल बिस्किटांची चार चाके कंडेन्स्ड मिल्कने चिकटवा आणि दहा मिनिटे हात लावू नका. गाडी रुळांवर ठेवून मधे जोडकड्या बसवा. माल सर्वांत शेवटी, नाहीतर लाह्या दमट होतात.

डबे एका रेषेत आले नाहीत तर तसेच राहू द्या, मुलांच्या पाठीमागे जाऊन ते सरळ करू नका. स्वतः लावलेले चाक कोणीतरी काढून पुन्हा लावले, हे मुलाच्या लगेच लक्षात येते.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी

ज्वारीच्या लाह्या, अख्खे दाणे, चिक्कीचे कडक तुकडे या वयाच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. त्यांना साधा केकचा तुकडा आणि दूधपावडरची केळी द्या. दातकोरण्या किंवा काड्या आधाराला कुठेही खुपसू नका, केक खाताना त्या दिसत नाहीत. शेजारची मुले येणार असतील तर दाण्यांची, दुधाची किंवा गव्हाची ॲलर्जी कोणाला आहे का, हे त्यांच्या आईला आधी विचारा.

या लहानग्यांसाठी सुगरणीचे खोपे करावेत. बहिणाबाईंच्या मुलखात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. एक वाटी बारीक शेवया चुरून चमचाभर तुपात गुलाबी भाजा, गॅस बंद करून तीन-चार मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घाला. कोमट झाले की तूप लावलेल्या आप्पेपात्राच्या खळग्यांत अंगठ्याने दाबून बसवा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून अलगद काढा. वाटीसारखे खोपे तयार होतात. आत दूधपावडरच्या पिठाची चिमुकली पांढरी अंडी वळून ठेवायची. तीन वर्षांचे मूलही अंडी वळू शकते.

मालगाडी नको असेल तर

पोळ्याला, म्हणजे श्रावण अमावस्येला, याच दूधपावडरच्या पिठाचे बैल करता येतात. पोट आणि चार पाय एकाच गोळ्यातून ओढून काढा. पाय वेगळे चिकटवले तर बैल बसतो. पाय आखूड आणि जाड ठेवा. वशिंड मोठे हवे, त्याशिवाय आपला बैल ओळखू येत नाही. शिंगांना बदामाचे उभे काप, डोळ्यांना काळे तीळ, पाठीवर बिटाच्या रंगाची झूल. झुलीवर काट्याच्या टोकाने नक्षी मुलांनी काढावी.

हिवाळ्यात शेतात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात तेव्हा भरिताची वांगी करावीत: फिक्या हिरव्या रंगाची, वर पांढरट रेघा असलेली आणि देठाला गडद हिरवा मुकुट. जांभळे वांगे केले तर आपल्याकडची मुले लगेच हरकत घेतात. एका वांग्याला लाडवाएवढा गोळा लागतो, आत खजुराची गोळी घातली तर चवही येते.

वाटणे आणि उरलेले ठेवणे

इंजिन कोणाला, हे कापण्याआधीच ठरवा. वाढदिवस असेल तर प्रश्न नसतो, एरवी चिठ्ठ्या टाकाव्यात. डबे सुटे असल्यामुळे सुरी जवळजवळ लागतच नाही. गाडी दुसऱ्या घरी न्यायची असेल तर माल वेगळ्या डब्यांत न्या आणि तिथे पोहोचल्यावर भरा. चाकेही तिथेच लावली तर उत्तम.

उन्हाळ्यात केळ्याचा केक बाहेर एक दिवस टिकतो, फ्रीजमध्ये झाकून तीन दिवस. उरलेले दूधपावडरचे पीठ घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. पुन्हा वापरताना बाहेर काढून अर्धा तास थांबा आणि तुपाच्या हाताने मळून घ्या.