क्रँक पुली निघत नसेल तर हातोडा बाजूला ठेवा

क्रँक पुलीचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरच्या बेल्ट फिरवणाऱ्या चाकाचा, मधला बोल्ट निघाला, पण पुली जागची हलत नाही? बहुतेक वेळा शाफ्ट आणि पुलीच्या मध्ये गंज धरलेला असतो. डब्ल्यूडी-४० किंवा तसलाच स्प्रे सांध्यावर मारून रात्रभर मुरू द्या. पुलीतल्या रबराला लागलेला मात्र पुसून काढा.

पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) लावण्याआधी पुली नीट बघा. बऱ्याच पुल्यांमध्ये आतला हब आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबराचा पट्टा असतो. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कडेला अडकवून ओढलात, तर रबर फाटून रिंग हातात येते आणि हब तिथंच! हबला आट्यांची भोकं असतील तर त्यांत बोल्ट पिळून ओढणारा पुलर घ्या. ओळखीचा गॅरेजवाला देतो बहुधा. पुलरचा स्क्रू थेट शाफ्टच्या तोंडावर टेकवू नका, आतले आटे बिघडतील. मध्ये जाड लोखंडी चकती ठेवा. ताण द्या, थोडं थांबा, मग पुन्हा पाव फेरा. ‘टक्’ असा आवाज झाला की सुटली समजा.

गॅस टॉर्च नकोच. रबर आणि मागचं ऑइल सील, दोन्ही जातात. पुली उतरवताना खाचेतली चावी (पुली शाफ्टवर जागच्या जागी पकडणारा छोटा लोखंडी तुकडा) सांभाळा. इंजिनाखालच्या पत्र्यात पडली की शोधता शोधता संध्याकाळ.